गुडघ्याच्या गादीतली पांढरी रेघ

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात आला की आमच्या एमआरआय सेंटरमध्ये गुडघ्यांची रांग लागते, आणि या सदराकडेही तशीच पत्रं येतात. या वेळी चार निवडली आहेत. चौघांच्याही हातात रिपोर्ट आहे आणि चौघांनाही त्यातल्या एकाच शब्दाची धास्ती आहे : मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी. मी कोल्हापुरात एकवीस वर्षं हेच फोटो वाचते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, मंगळवार पेठेत राहतो आणि पेठेच्या संघातून बचावफळीत खेळतो. महिन्यापूर्वी सामन्यात वळताना पाय जमिनीत रुतला आणि गुडघा पिळला. सूज आली, ती चार दिवसांत उतरली. आता चालताना काही होत नाही, पण जोरात वळलं की आतल्या बाजूला टोचतं. रिपोर्टमध्ये 'मेडियल मेनिस्कसच्या पोस्टिरियर हॉर्नमध्ये ग्रेड २ सिग्नल' असं आहे. पोरं म्हणतात, गादी फाटली, खेळ संपला. सीडी कॉम्प्युटरवर लावून बघितली तर काळ्या त्रिकोणात खरंच पांढरी रेघ दिसते. ही फाटच ना? तुम्ही ती ओळखता कशी?

उत्तर : रेघ तुम्हाला सापडली, हे चांगलंच झालं. आता तिचं टोक कुठे जातं ते बघा. निकाल त्या टोकावर आहे.

आधी तो काळा त्रिकोण समजून घ्या. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात दोन गाद्या असतात. आतल्या बाजूची, म्हणजे रिपोर्टमधली 'मेडियल', चंद्रकोरीसारखी, बाहेरच्या बाजूची जवळजवळ पूर्ण गोल. दोन्ही कडेला जाड आणि मध्याकडे पातळ होत जातात, म्हणून उभा छेद घेतला की त्रिकोण दिसतो. गादी चिवट तंतूंची, दाट विणीची असते. तिच्यातलं पाणी त्या विणीत इतकं घट्ट धरलेलं असतं की त्याचा एमआरआय सिग्नल उमटता उमटताच विझतो. म्हणून निरोगी गादी कुठल्याही सिक्वेन्समध्ये, म्हणजे फोटो काढण्याच्या कुठल्याही पद्धतीत, काळीच दिसते. गादी फाटली की सांध्यातलं पाणी त्या भेगेत शिरतं आणि काळ्यात पांढरं उमटतं.

पण प्रत्येक पांढरं म्हणजे फाट नव्हे. गादीच्या पोटात नुसता ठिपका असेल तर ग्रेड १. रेघ असेल, पण वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाला पोचत नसेल तर ग्रेड २. पृष्ठभागाला भिडली तर ग्रेड ३, आणि फाट म्हणायची ती फक्त हीच. मी स्वतः एका स्लाइसवर, म्हणजे एका पातळ छेदाच्या फोटोवर, विश्वास ठेवत नाही. स्लाइस साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीची असते. किमान दोन स्लाइसवर रेघ पृष्ठभागाला टेकलेली दिसली तरच 'फाट' लिहिते. एकाच स्लाइसवर टेकत असेल तर 'शक्यता' असा शब्द वापरते आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करते.

सीडीवर बघायचंच असेल तर गुडघ्याचे बाजूने घेतलेले छेद उघडा आणि आतल्या कडेपासून मधल्या भागाकडे सरकत या. सुरुवातीच्या स्लाइसमध्ये गादी आडव्या डमरूसारखी अखंड दिसेल. पुढे सरकलात की डमरूची कंबर तुटते आणि पुढे एक, मागे एक असे दोन त्रिकोण राहतात. आमच्या भाषेत ही गादीची शिंगं, म्हणजे 'हॉर्न'; रिपोर्टमधलं 'पोस्टिरियर हॉर्न' म्हणजे मागचं शिंग. आतल्या गादीचं मागचं शिंग पुढच्यापेक्षा मोठं असतं, बाहेरच्या गादीची दोन्ही शिंगं जवळपास सारखी. आतल्या गादीचं मागचं शिंग पुढच्याहून लहान दिसलं, तर रेघ शोधण्याआधी मी हरवलेला तुकडा शोधायला लागते.

फसवणाऱ्या जागाही ठरलेल्या आहेत. दोन्ही गाद्यांची पुढची शिंगं एकमेकांना बांधणारा एक आडवा बंध असतो. तो बाहेरच्या गादीजवळ येतो तिथे मधली पांढरी फट हुबेहूब फाटीसारखी दिसते. बाहेरच्या गादीच्या मागून पॉप्लिटियस नावाच्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जातो, तिथेही तेच. शिवाय तंतू चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांच्या आसपास कोन करत असतील तर काही सिक्वेन्समध्ये ते उगाच उजळतात. शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी सांगते, दोरी धरून चालत राहा. स्लाइसमागून स्लाइस बघत गेल्यावर ती रेघ एखाद्या वेगळ्या दोरीची कड निघाली, तर ती फाट नव्हे.

आता तुमचा गुडघा. रिपोर्टमध्ये जे लिहिलंय त्यानुसार तुमची गादी फाटलेली नाही. फक्त ग्रेड २ बघून कुणी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. मात्र एक गोष्ट पक्की करा : एसीएल, म्हणजे पुढचा क्रुशिएट लिगामेंट (गुडघ्याच्या मध्यात दोन हाडांना बांधणारा बंध), शाबूत असल्याचं रिपोर्टमध्ये लिहिलंय का? हा लिगामेंट तुटतो तेव्हा आतल्या गादीची मागची कड तिच्या आवरणापासून सुटू शकते, आणि एमआरआय पाय सरळ ठेवून काढत असल्याने ती फट मिटून लपून राहते. वळताना गुडघा 'निसटतोय' असं वाटत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्या. तसं वाटत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंचे व्यायाम शिका. एका पायावर उडी आणि कडक वळण न दुखता जमू लागलं की मैदानावर या.

प्रश्न : माझी आई ५७ वर्षांची आहे. आम्ही कागलचे. चैत्रात जोतिबाला पायऱ्या चढताना तिच्या गुडघ्याच्या मागे 'कट्' असा आवाज झाला आणि तेव्हापासून ती लंगडते. एक्स-रे नॉर्मल आला. 'वयामुळे आहे' म्हणून गोळ्या दिल्या. तीन आठवडे झाले, रात्री कूस बदलतानाही कळ येते. एमआरआयमध्ये 'मेनिस्कल एक्स्ट्रूजन ४ मिमी' असं लिहिलंय, फाटीबद्दल काही नाही. मग आम्ही काळजी करायची की नाही?

उत्तर : करायची. आणि लवकर करायची.

पायरी चढताना किंवा उकिडवं बसून उठताना गुडघ्याच्या मागे 'कट्' होणं, मध्यम वयाची बाई, नॉर्मल एक्स-रे आणि त्यामानाने फार मोठी कळ : हे चित्र आतल्या गादीचं मागचं मूळ तुटल्याचं असू शकतं. मूळ म्हणजे जिथे गादीचं टोक नडगीच्या हाडात रुजलेलं असतं ती जागा.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवलेली असते. ओझं वाढलं की चाक बाहेर पसरू पाहतं आणि धाव त्याला आवळून धरते. गादीही दोन्ही मुळांना बांधलेली असल्यामुळे तशीच शरीराचं वजन आवळून धरते. मूळ तुटलं की गादी जागेवर असूनही कामातून गेली. धाव एका ठिकाणी कापली तरी चाकाला तिचा उपयोग उरत नाही, तसंच हे. मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मूळ तुटल्यावर सांध्यातला दाब जवळजवळ पूर्ण गादी काढून टाकल्याइतका वाढलेला दिसला. मूळ शिवल्यावर तो पुन्हा खाली आला.

फोटोत ही फाट रेघेसारखी दिसत नाही, म्हणूनच ती निसटते. समोरून घेतलेल्या छेदात गादी हाडाच्या कडेबाहेर ढकललेली दिसते; हेच तुमच्या रिपोर्टमधलं 'एक्स्ट्रूजन'. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर मी मूळ बघितल्याशिवाय पुढे जात नाही. बाजूच्या छेदात मागच्या क्रुशिएट लिगामेंटच्या शेजारच्या स्लाइसवर जिथे काळा त्रिकोण हवा, तिथे राखाडी धुरकट काहीतरी दिसतं. यालाच आम्ही 'घोस्ट' म्हणतो : आकार आहे, काळेपणा नाही. त्याच जागेवर समोरच्या छेदात उभी पांढरी चीर असते. खालच्या हाडात सूज दिसली तर संशय आणखी वाढतो.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे, त्याला कारण आहे. काम सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी भाजी विकणाऱ्या एका बाईंचा गुडघा माझ्यापुढे आला होता. दिवसभर चवड्यावर बसून त्यांचा धंदा. गादीत रेघ पृष्ठभागाला पोचत नव्हती, मी 'ग्रेड २' लिहिलं आणि फाइल मिटली. आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा आतल्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजून हाडाला हाड लागलं होतं. जुने फोटो उघडले. मुळाशी ती चीर होती, मी तिथवर गेलेच नव्हते. तेव्हापासून गुडघ्याचा प्रत्येक एमआरआय मी मुळांपासून वाचायला सुरू करते, शिंगांवर नंतर येते.

म्हणून आईच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. फोटोंची सीडी घेऊन त्याच सेंटरच्या डॉक्टरांना विचारा : 'मेडियल मेनिस्कसचं पोस्टिरियर रूट शाबूत आहे का?' एवढंच. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मूळ तुटलेलं निघालं आणि कूर्चा अजून चांगली असेल, पाय फार वाकडा झालेला नसेल, तर ते परत हाडाला शिवता येतं. कूर्चा आधीच गेली असेल तर शिवून उपयोग होत नाही, तेव्हा उपचाराची दिशा वेगळी. उत्तर मिळेपर्यंत आईला जमिनीवर बसू देऊ नका, संडासाला कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा, दुसऱ्या बाजूच्या हातात काठी द्या. जोतिबा वाट बघेल.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतो. गुडघा अधूनमधून दुखतो, इतकंच. हौसेने एमआरआय केला तर 'मेडियल मेनिस्कसमध्ये आडवी फाट, ग्रेड ३' आली. दुर्बिणीतून तेवढा भाग कापून टाकावा का?

उत्तर : सर, तुमची फाट खरी आहे, पण दुखतंय ते तिच्यामुळेच असं तेवढ्यावरून म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. त्यांची निवड गुडघेदुखी बघून केलेली नव्हती. २००८ साली आलेले निष्कर्ष असे : पन्नाशीतल्या बायकांमध्ये १९ टक्के, तर सत्तरीपुढच्या पुरुषांमध्ये ५६ टक्के लोकांच्या गादीला फाट किंवा झीज होती. आणि फाट असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा कसलाही त्रास नव्हता. वयानुसार येणारी फाट बहुधा तुमच्यासारखीच, आडवी असते. केस पांढरे होतात तशी ती होते.

कापण्याबद्दल : फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, झिजेची फाट असलेल्या पण संधिवात नसलेल्या १४६ जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांची फाटलेली गादी कापली, निम्म्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन फक्त कापल्यासारखं केलं. रुग्णांना आपण कुठल्या गटात ते ठाऊक नव्हतं. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. गुडघा अडकत नसेल तर मी तुमच्या जागी तीन महिने नेमाने व्यायाम केला असता आणि रंकाळ्याची फेरी चालू ठेवली असती.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, तालमीत राहून कुस्ती करतो. हौद्यात लढताना पाय अडकला, तेव्हापासून गुडघा पूर्ण सरळ होतच नाही. रिपोर्टमध्ये 'बकेट हँडल टिअर' आहे. वस्ताद म्हणतात, तेल लावून चोळलं की सुटेल. आठ दिवस झाले. काय करू?

उत्तर : हे पत्र ज्या दिवशी हातात आलं त्याच दिवशी मी या गृहस्थांना फोन केला. इथे छापते आहे ते दुसऱ्या पालकांसाठी.

यात गादी लांबीने चिरते आणि आतला पट्टा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मध्यात अडकतो. फोटोत कडेचा डमरू नाहीसा होतो आणि मागच्या क्रुशिएट लिगामेंटच्या खाली तसाच दुसरा काळा पट्टा दिसतो, जणू लिगामेंट दोन आहेत. तो पट्टा पाचरीसारखा मध्ये असल्याने गुडघा सरळ होत नाही. अशा गुडघ्याला चोळणं, ओढणं, जबरदस्तीने सरळ करणं म्हणजे ती गादी चिंधी करणं. वस्तादांच्या मायेबद्दल मला शंका नाही, त्यांच्या हातांनी कितीतरी मोच उतरल्या असतील. हे काम त्या हातांचं नाही.

गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. चीर तिथे असेल आणि वेळेत शिवली तर १९ वर्षांच्या मुलाची गादी जुळण्याची आशा चांगली. म्हणून त्यांना सांगितलं : आजपासून पायावर वजन नाही, मालीश बंद, आणि याच आठवड्यात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात किंवा गुडघ्याचं दुर्बिणीचं काम करणाऱ्या सर्जनकडे जा. आणि पहिला प्रश्न हा विचारा, 'गादी शिवता येईल का?' सीडी बरोबर न्या, नुसता कागदावरचा रिपोर्ट नेऊ नका, कारण शिवायचं की कापायचं हे सर्जन फोटोतल्या चिरेच्या जागेवरून ठरवतात. ते दुसऱ्याच दिवशी मुलाला घेऊन दवाखान्यात गेले.