प्रार्थनेला बसलं की नको ते विचार येतात

प्रश्न: ताई, प्रभूमध्ये सलाम. मी लहानपणापासून मंडळीत वाढलेय. गेले सात-आठ महिने प्रार्थनेला बसले की डोक्यात देवाला शिव्या येतात, पवित्र आत्म्याबद्दल तर असलं काही येतं की लिहायलाही हात धजत नाही. मी लगेच क्षमा मागते, परत येतं, परत मागते, एकेका रात्री शंभरदा. प्रभुभोजन घेणं बंद केलंय. बाळाला उचललं की याला आपण काही करू की काय असंही मनात येतं. बायबलात, मार्कच्या शुभवर्तमानात लिहिलंय पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण केलं तर क्षमा नाही, म्हणजे माझं संपलंच ना? मंडळीतल्या एका बाई म्हणाल्या तुझ्यात दुष्ट आत्मा आहे.

उत्तर: नाही गं, काही संपलेलं नाही. मार्कचा 3रा अध्याय सावकाश वाच. येरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांनी येशूचं काम पाहिलं आणि सगळं बघून, थंड डोक्याने म्हणाले की याला बालजबूल, म्हणजे भुतांचा अधिपती, लागलाय. 30व्या वचनात कारणही दिलंय, ते असं म्हणत होते म्हणून येशू हे बोलला. त्यांना ना भीती होती ना क्षमा हवी होती, आणि तू रात्र रात्र रडून क्षमा मागतेयस, तुझी आणि त्यांची गोष्ट एक कशी असेल?

विचार येणं वेगळं आणि त्याला हो म्हणणं वेगळं. अरण्यात 40 दिवसांच्या उपासानंतर येशूला सैतानाकडून काय काय ऐकावं लागलं बघ, मंदिरावरून उडी टाक, मला नमन कर. इतकी घाण सूचना त्याच्या कानावर आली, तरी इब्रीकरांस पत्रात 4:15 ला स्पष्ट म्हटलंय की सर्व प्रकारे पारखला गेला पण निष्पाप राहिला. ऐकू आलं म्हणून पाप झालं असतं तर हे वचन लिहिताच आलं नसतं.

आता जॉन बन्यन या जुन्या इंग्रज धर्मोपदेशकाचं सांगते, कारण त्याची गोष्ट हुबेहूब तुझ्यासारखी आहे. 1666 मध्ये, तुरुंगात असताना, त्याने आपली आत्मकथा छापली, त्यात तो सांगतो की ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक असं त्याच्या डोक्यात सारखं चालायचं आणि तो नाही नाही म्हणून दमायचा. जेवायला बसला की आत्ताच्या आत्ता उठून प्रार्थना कर असं वाटायचं. मागे वळून बघताना त्याला कळलं की ही घाई देवाची नव्हती, तिने भक्तीचं सोंग घेतलं होतं. माझ्या मते तुझी शंभरदा मागितलेली क्षमा तीच आहे. कठोर वाटेल, पण त्या क्षमेनेच आगीत तेल पडतंय.

असं का होतं त्याचा एक साधा प्रयोग आहे. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं की 5 मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर बेल वाजवा. बेल वाजतच राहिली. आला का आला का म्हणून बघत बसलं की तो येणारच, आणि तू तर दिवसभर दारात पहारा देत बसलीयस.

म्हणून विचार आला की त्याला उत्तर देऊ नकोस, हाकलूही नकोस. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना मध्येच आला तर जिथे होतीस तिथून पुढे म्हण, पहिल्यापासून सुरू करायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. क्षमा दिवसातून एकदा, नेहमीच्या प्रार्थनेत. पहिले काही दिवस भीती जास्त वाटेल, वाटू दे, ती आपोआप उतरते. कोणी 2 करिंथ 10:5 दाखवून म्हणेल की प्रत्येक विचार पकडून बंदिवान करायचा, पण तिथे पौल देवाच्या ज्ञानाविरुद्ध उभ्या केलेल्या वादांबद्दल बोलतोय, तुझ्या डोक्यातल्या ठिणग्या मोजायला सांगत नाहीये. आणि प्रभुभोजनाला येत्या वेळीच जा, विचार आला तरी जा.

तू लिहिलंस त्यावरून मला हे ओसीडी वाटतंय, म्हणजे नकोसे विचार परत परत येतात आणि भीती घालवायला माणूस एकच गोष्ट परत परत करत राहतो तो आजार, ज्यात धर्माचीच भीती धरून बसते असाही प्रकार असतो. नक्की काय ते मानसोपचारतज्ज्ञ सांगतील, त्यावर थेरपी आहे, औषध आहे, आणि ते घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं अजिबात नाही. बाळाबद्दलचे असे नकोसे विचार कितीतरी नव्या आयांना येतात आणि त्या घाबरतात ते बाळावर जीव असतो म्हणूनच, तरी डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांग. मात्र तो विचार बरोबर वाटू लागला, किंवा कोणी आवाज देऊन करायला सांगतंय असं झालं, तर बाळाला घरच्या कोणाकडे दे आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ, थांबू नकोस.

त्या बाईंचं बोलणं वाचून मला खरंच राग आला. भीतीने अर्धमेल्या झालेल्या आईला दुष्ट आत्मा लागलाय म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. पाळकांशी बोल, आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला दे.

प्रश्न: ताई, भावाने वाटणीत मला फसवलं. रोज रात्री त्याला कसा धडा शिकवायचा याचे विचार येतात. वरच्यासारखंच सोडून द्यायचं का?

उत्तर: तुमचं वेगळं आहे दादा. त्या बहिणीला विचार नकोसा आहे, तुम्ही मात्र त्याला बसायला पाट देताय आणि पुढचा सीन स्वतः रचताय. भावावर राग धरलेल्या काइनाला देवाने सांगितलं होतं की पाप दाराशी टपलंय, तू त्याच्यावर सत्ता चालव. म्हणून सीन सुरू झाला की अंथरुणातून उठा, दिवा लावा, भावाचं नाव घेऊन एक ओळ प्रार्थना करा, मनापासून नाही आली तरी करा. आणि क्षमा म्हणजे हिशेब विचारायचाच नाही असं नाही, मत्तय 18 मध्येही आधी एकट्याने जाऊन बोला, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर न्या असंच सांगितलंय, तेव्हा कागद घेऊन दिवसाउजेडी जा.