तूप, भाकरी आणि मोठ्या आतड्याची भूक

प्रश्न : आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि वर चमचाभर तूप असतं. आतड्याच्या पेशींना ब्युटिरेट लागतं आणि ते तुपात असतं, असं वाचलं. मग भाकरीऐवजी भात आणि तूप वाढवलं तर चालेल का? आणि हे ब्युटिरेट पेशीत शिरतं तरी कसं?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : चवीसाठी तूप जरूर घ्या, पण मोठ्या आतड्यासाठी म्हणून वाढवू नका. तुपातलं ब्युटिरिक आम्ल (ब्युटिरेट हे त्याचंच भारित रूप) जठरातच सुटं व्हायला लागतं, लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं आणि रक्तावाटे यकृताकडे जातं. खाली काही उरत नाही. शिवाय ५ ग्रॅमच्या चमच्यात ते पाव ग्रॅमही नसतं. भाकरीतला चोथा मात्र न पचता खाली उतरतो. तिथले जिवाणू तो आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं तयार करतात, साधारण ६०:२०:२० या प्रमाणात.

आता पेशीत शिरण्याचं. आतड्यातल्या पाण्यात ही आम्लं आपला हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ६ धरला तर शंभरातले सुमारे ९४ रेणू असे असतात. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून भारित रेणू आपोआप जात नाही. उरलेले पाच-सहा झिरपतात, पण तेवढ्यावर भागत नाही. म्हणून तिथं प्रथिनांची दारं आहेत. त्यातलं एमसीटी-१ नावाचं दार एका आम्लरेणूसोबत एक हायड्रोजन आयन आत घेतं. दुसरं, एसएमसीटी-१, सोडियमच्या जोरावर चालतं, एका रेणूमागे दोन सोडियम. आम्ल विरळ असलं तरी ते वेचून घेतं. तिसऱ्या वाटेनं आम्ल आत येतं आणि बदल्यात बायकार्बोनेट बाहेर जातं. सगळं मिळून ९० ते ९५ टक्के आम्ल शोषलं जातं.

सोडियम आत आला की मागोमाग पाणीही येतं. अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये शौच पातळ होतं, त्यामागचं एक कारण हेच : जिवाणू घटले, आम्लं घटली, पाणी आतड्यातच राहिलं.

आत आलेलं ब्युटिरेट बहुतेक त्याच पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जळतं. मोठ्या आतड्याच्या पेशींची ६० ते ७० टक्के ऊर्जा त्यातूनच येते. प्रोपिओनेट मुख्यतः यकृत वापरतं, ॲसिटेट रक्तातून पार स्नायूंपर्यंत जातं. शस्त्रक्रियेनंतर मोठ्या आतड्याचा एखादा भाग शौचमार्गातून बाजूला ठेवला, तर रक्तपुरवठा नीट असूनही तिथं सूज येऊ शकते. आतल्या बाजूनं येणारं हे अन्न तुटणं, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

म्हणून भाकरी सोडू नका. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ६ ग्रॅम. दिवसाला एकूण २५ ते ३० ग्रॅम चोथा धरा. पीठ चाळून कोंडा फेकू नका. ज्वारीचा चोथा सगळाच आंबत नाही, त्यामुळे जोडीला मटकी, चवळी, कांदा-लसूण हवेतच. मिसळीत मटकी जास्त आणि फरसाण कमी घ्या, कटाची चव तीच राहील.

प्रश्न : चोथा वाढवायचा म्हणून रोज वाटीभर उसळ सुरू केली, तर पोट फुगतं. बंद करावी का?
– एक वाचक, रंकाळा परिसर, कोल्हापूर

उत्तर : बंद नको, कमी करा. जिवाणूंना सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आंबताना वायू होणारच, एकदम जास्त चोथा दिला की तो साचतो. दोन चमच्यांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडी वाढवा. मटकी ८ ते १० तास भिजवा, ते पाणी टाका आणि मोड आणूनच शिजवा. वायू करणाऱ्या साखरा त्यानं कमी होतात. दिवसभरात पाणीही वाढवा, नाहीतर तोच चोथा बद्धकोष्ठ करतो. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा रात्री पोटदुखीनं जाग येत असेल, तर उसळीचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.