ध्यानात विचार येतात? येऊ दे

"बसलं की डोक्यात बाजार भरतो, मला जमणार नाही काका," असं म्हणालास ना? अरे, बाजार आधीपासून भरलेलाच होता. तू गप्प बसलास म्हणून गलका ऐकू आला, एवढंच.

मी सुरुवात केली ती लातूरला, 2016 च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा. पहाटे गच्चीवर बसायचो आणि गल्लीत टँकरचा आवाज आला की संपलं. हंडे भरले का, पाइप कुठंय, करत करत मनानं पार मांजरा धरणापर्यंत जाऊन यायचो.

आता लोक तुला उलटसुलट सांगतील. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या दुसऱ्याच सूत्रात योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनातल्या हालचाली थांबवणं, म्हणून काहीजण विचार दाबत बसतात. मीही दाबले, डोकं दुखलं. त्याच पादात, म्हणजे प्रकरणात, पुढं दीर्घकाळ, खंड न पाडता अभ्यास करायला सांगितलंय, ते मात्र कोणी वाचत नाही! 10 दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायला लावतात. मन पळालं की परत श्वासावर, भांडण नाही. नामस्मरणवाल्यांचं वेगळंच, ते रिकामी जागाच ठेवत नाहीत.

माझं विचारशील तर, विचार आला ही चूक नाही, टँकरमध्ये चढून बसणं ही चूक. "हा टँकर" एवढं मनात म्हण आणि श्वासाकडं ये. पंधरा मिनिटांत पन्नासदा यावं लागलं तरी ये. झोप उडाली, जीव घाबराघुबरा झाला, तर मात्र थांब आणि डॉक्टरला दाखव.