मे महिना, एक कूलर अन् पुण्याचे चार पाहुणे

प्रश्न : ताई, मेच्या तिसऱ्या आठवड्यात दिराचं लग्न आहे, त्यासाठी मोठ्या नणंदबाई, त्यांचे मिस्टर, त्यांच्या सासूबाई अन् दहा वर्षांचा मुलगा पुण्याहून येऊन राहिले, चार रात्री मुक्काम आमच्याकडेच. आमचा वन बीएचके, तोही सगळ्यात वरच्या मजल्यावर, बाथरूम एक, कूलर एक, एसी नाही. मी नवे पडदे अन् बेडशीटचे सेट घ्यायचं ठरवलंय, हे म्हणतात काही गरज नाही. टेन्शन येऊन राहिलं. काय करू?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : पडदे राहू द्या बापा, यावेळी मिस्टरांचं ऐका. ४५ डिग्रीत स्टेशनवर उतरलेला माणूस पडद्याचा रंग पाहत नाही, त्याला रात्री झोप लागली म्हणजे झालं. तेच पैसे कूलरवर घाला.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून घासून घ्या, कारण त्याच साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा मच्छर आठ-दहा दिवसांत तयार होतो. बाजूच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काळं पडलं असेल तर बदलून टाका, खस परवडली तर उत्तमच, वासानेच पाहुणे खूश. अन् एक गोष्ट लक्षात ठेवा, कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. आमच्याकडे एकदा नाशिकची काकू आली होती, मी आपली हौसेने एसीवाल्यांसारखी सगळी दारंखिडक्या गच्च लावून घेतली, तर सकाळी चादर ओलसर, डब्यातले पापड मऊ अन् काकू म्हणते रात्रभर चिकचिक झाली गं. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाटच नव्हती ना!

सासूबाईंची गादी कूलरच्या थेट झोतात नका टाकू, थोडी तिरपी टाका, नाहीतर सकाळी गुडघे धरून बसतील. पहाटे गार होतं तेव्हा फक्त पंप बंद करायचा असतो, पण पाहुण्यांना कोणतं बटन कशाचं हे माहीत नसतं, ते बिचारे अंधारात सगळ्या बोर्डावर हात फिरवतात. पंप, पंखा, लाईट अशा चिठ्ठ्या चिकटवून द्या, त्यात लाजायचं काही नाही. अन् घरात लहान मुलगा येणार म्हणून सांगते, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. टाकीत पाणी भरताना प्लग काढलेलाच पाहिजे, पाहुण्यांनी कितीही प्रेमाने "आम्ही भरतो" म्हटलं तरी ते काम तुमच्या घरच्यांनीच करायचं.

गाद्या उन्हात टाकाल तर सकाळीच टाका, दोन तासांनी पलटवा अन् दुपारच्या आत घरात आणून सावलीत पसरा. दिवसभर गच्चीवर राहिलेली गादी रात्री दहालाही पाठीला तव्यासारखी लागते. वरचा मजला म्हणजे स्लॅब तापणारच, संध्याकाळी गच्चीवर थोडं पाणी शिंपडा, पण पाण्याची बोंब असेल तर तेही नको.

पाण्यावरून आठवलं, आपल्याकडे मे मध्ये अकरानंतर नळ उघडला की चटका बसतो, गच्चीवरची टाकी उकळून राहते. पुण्याचे लोक उशिरा आंघोळीला गेले की ओरडतील. रात्रीच दोन मोठ्या बादल्या अन् एक ड्रम भरून बाथरूममध्ये झाकून ठेवा. लग्नाच्या सकाळी कोण कधी आंघोळीला जाणार हे आदल्या रात्री जेवताना हसतखेळत ठरवून टाका, सासूबाईंचा नंबर पहिला. बाथरूममध्ये दोन खुंट्या अन् एक फळी रिकामी करून द्या, पाहुण्यांचा टॉवेल आपल्या टॉवेलावर लटकलेला मला तरी बघवत नाही.

माठ नवा आणायचा असेल तर आठवडाभर आधीच आणा, रात्रभर पाण्यात भिजवा, पहिली दोन-तीन पाणी फेकून द्या, नाहीतर मातीचा वास येतो. आत वाळ्याची जुडी टाकली की झालं.

जेवणाचं फार नका करू, तसंही लग्नघरी खाणं संपत नाही. पहिल्या दिवशी पन्हं, वरणभात अन् एखादी कोशिंबीर. सावजीची हौस नंतर. सकाळी पोह्यांसोबत तर्री वेगळ्या वाटीत द्या, ज्याची जेवढी हिंमत तेवढी तो घेईल.

प्रश्न : दर डिसेंबरमध्ये मुंबईचे मामा आठवडाभर येतात. तयारी काय करावी?
– एक वाचक, महाल

उत्तर : दोन जाड रजया जास्तीच्या काढा. मुंबईच्या माणसाला वाटतं नागपूर म्हणजे बाराही महिने भट्टी, अन् ते हाफ शर्टात येऊन उतरतात, इथे रात्री पारा १० च्या आसपास. एक जुना स्वेटर अन् कानटोपीही ठेवा, मामा आधी नको म्हणतील, रात्री नऊला गुपचूप घालतील.