विचारून घ्या : साहेबी हॉटेलातलं जेवण

ब्रिटिश पद्धतीच्या जेवणाबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा लंडनला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तिथल्या एका जुन्या, मोठ्या हॉटेलात रविवारी दुपारी अस्सल ब्रिटिश जेवण घालतो म्हणतोय. मी मटण-मासे खातो, पण गोमांस नाही. आमच्या सौभाग्यवतींना तर अंडंही चालत नाही. पैसे भरून उपाशी उठायची वेळ येऊ नये म्हणून काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : टेबल बुक करतानाच मुलाला दोन्ही गोष्टी लेखी कळवायला सांगा. तिकडे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं चालतं असं धरूनच चालतात, म्हणून ‘अंडं नको’ हे वेगळं लिहायला हवं. ब्रिटनच्या कायद्यानुसार प्रत्येक पदार्थात ठरावीक १४ ॲलर्जीकारक घटकांपैकी काय आहे, हे हॉटेलला सांगावंच लागतं. अंडं, दूध, मासे, मोहरी या यादीत येतात, त्यामुळे अंड्याबद्दल वेटर तक्ता बघून चोख उत्तर देईल. गाईची चरबी आणि जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला, जेली गोठवणारा पदार्थ) मात्र त्या यादीत नाहीत. तुमची खरी अडचण तिथेच आहे, कारण तक्ता कोरा दिसला तरी ताटात गोमांसाचा अंश असू शकतो.

तो कुठे लपतो ते बघा. रविवारच्या रोस्टबरोबर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांसाबरोबर येणारे भाजके बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग (अंडी, दूध, मैद्याचा फुगलेला, गोड नसलेला पदार्थ) जुन्या रिवाजाप्रमाणे ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे भाजताना गळलेल्या चरबीत करतात. ग्रेव्ही बऱ्याचदा सगळ्यांना एकच असते आणि ती बीफच्या हाडांची असते. वाफवलेल्या पुडिंगमध्ये आणि काही पायच्या पारीत ‘सुएट’ म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी घालतात. ट्रायफल म्हणजे केक, फळं, कस्टर्डच्या थरांचं गोड, त्यातल्या जेलीत जिलेटिन असतं. वेल्श रॅरबिट म्हणजे पावावरचं भाजलेलं चीज, दिसायला अगदी शाकाहारी. पण त्यातल्या वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. जुन्या पद्धतीच्या चीजचं दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट लावतात. ब्लॅक पुडिंगच्या वाटेला जाऊच नका, ते रक्ताचं असतं. म्हणून ‘यात बीफ आहे का’ एवढंच न विचारता ‘बटाटे कशात भाजलेत, ग्रेव्ही कशाची आहे’ असं नेमकं विचारा. ग्रेव्ही नको असेल तर ताट वाढायच्या आधी सांगा. एकदा ओतली की संपलं.

तुम्ही स्वतः कोकराचं रोस्ट घ्या. काही हॉटेलांत चाकांच्या चकचकीत ट्रॉलीवर अख्खा तुकडा टेबलापाशी आणून तुमच्यासमोर कापतात. मधला काप गुलाबी असतो, तो आपल्याकडच्या बहुतेकांना कच्चा वाटतो. ‘वेल डन’ म्हणजे पूर्ण शिजलेलं हवं असं सांगाच, शिवाय कडेचा काप मागा. भाजलेल्या मांसात कड सगळ्यात जास्त शिजते आणि मिठा-मिऱ्याचा थरही तिथेच असतो. बरोबर पुदिना, व्हिनेगर आणि साखरेचा मिंट सॉस येतो. पिवळी इंग्लिश मस्टर्ड चमच्याच्या टोकावर येईल एवढीच घ्या, ती जिभेऐवजी थेट नाकात चढते.

मे महिना सौभाग्यवतींच्या पथ्यावर पडणारा आहे. ब्रिटनमध्ये शतावरीच्या कोवळ्या कोंबांचा, म्हणजे ॲस्परॅगसचा हंगाम साधारण एप्रिलअखेर ते जून असतो. जर्सी बेटावरचे नवे बटाटेही तेव्हाच येतात. ॲस्परॅगसवर हॉलंडेज सॉस घालतात, त्यात अंड्याचा बलक असतो. त्याऐवजी वितळलेलं लोणी मागा. बटाटे नुसते उकडून लोणी-पुदिना लावलेले. ‘नट रोस्ट’, म्हणजे दाणे-सुकामेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ, घेण्याआधी विचारा, तो बांधायला बहुधा अंडंच वापरतात. गोडात फळांचं क्रम्बल बरं, त्यात मैदा, लोणी, साखर आणि फळं. वरचं कस्टर्ड चांगल्या हॉटेलात बलकाचं असतं, म्हणून क्रीम मागवा.

कपड्यांचा नियम हॉटेलागणिक बदलतो. काही ठिकाणी कोट लागतो, एखाद्या ठिकाणी टायही. मेन्यूवरच्या दरात २० टक्के व्हॅट धरलेला असतो. लंडनमध्ये बिलात बहुधा १२.५ टक्के सेवा आकार लावलेला असतो. तो ऐच्छिक असतो, पण दिलात तर वर वेगळी टिप ठेवायची गरज नाही.

प्रश्न : यॉर्कशायर पुडिंग घरच्या ओटीजीत करते. फुगतं, पण बाहेर काढलं की बसतं आणि तळाला चिकटतं. बेकिंग पावडर वाढवू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बेकिंग पावडर घालूच नका. हे पुडिंग वाफेवर फुगतं, आणि वाफ जोरात व्हायला भांडं आणि तेल आधीच कडकडीत तापलेलं लागतं.

माप वाटीनं घ्या : फोडलेली अंडी एक वाटी, दूध एक वाटी, मैदा एक वाटी, चिमूटभर मीठ. ४ अंड्यांची साधारण २०० मिली भरतात. गुठळी राहू न देता फेटा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ओटीजी २२० ते २३० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड सुरू. कपकेकच्या ट्रेच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर रिफाइंड शेंगदाणा तेल घालून ट्रे १० ते १५ मिनिटं आतच तापवा. लोणी नको, ते जळतं. तेलावर धुराची पुसट रेघ दिसली की ट्रे काढून लगेच अर्ध्यापर्यंत मिश्रण ओता. ओतताना चर्र आवाज येऊन कडा तिथल्या तिथे पांढरट व्हायला हव्यात. आवाज आला नाही तर तेल गार आहे. चिकटण्याचं कारण तेच.

मग २० ते २५ मिनिटं दार उघडायचं नाही. लहान ओटीजी दार उघडताच झपाट्यानं थंड होतो आणि अर्धवट शिजलेल्या भिंती कोसळतात. ट्रे खालच्या खाचेत ठेवा, नाहीतर फुगलेला माथा वरच्या रॉडला लागून करपतो आणि तुम्ही घाईनं बाहेर काढता. रंग नुसता सोनेरी नको, चांगला तपकिरी हवा. शेवटी प्रत्येकाला सुरीनं एक भोक पाडून ३-४ मिनिटं परत आत ठेवा. अडकलेली वाफ निघून गेली की बसत नाही.

प्रश्न : पाचगणीत पाहुण्यांसाठी वाफवलेलं पुडिंग करतो. पुस्तकाप्रमाणे दोन तास वाफवूनही मध्ये कच्चं राहतं. सुएट मिळत नाही, लोणी घालतो. बेदाणे तासगावचे. (एक वाचक, पाचगणी)

उत्तर : तुमची उंची नडते आहे. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशानं उतरतो. म्हणजे तुमच्याकडे पाणी ९६ अंशांच्या आतबाहेरच उकळतं. साध्या पातेल्यात झाकण ठेवून किमान अडीच तास धरा, किंवा सरळ कुकर वापरा. एक लिटरच्या भांड्याला आतून लोणी लावा, पाऊण भरा, वर बटर पेपर आणि फॉइल चुणी घालून दोऱ्यानं बांधा. चुणी नसेल तर फुगताना कागद फाटतो. कुकरमध्ये जाळीवर ठेवून लिटरभर उकळतं पाणी घाला. पहिली १५ मिनिटं शिट्टी न लावता वाफवा, म्हणजे पुडिंगला फुगायला अवसर मिळतो. मग शिट्टी लावून मंद आचेवर ३५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून काढली तर पुडिंग तडकतं.

सुएट उशिरा वितळतं. तोवर भोवतीचं पीठ धरू लागलेलं असतं, म्हणून आत बारीक पोकळ्या राहून पुडिंग हलकं होतं. लोणी लवकर वितळून पिठात मुरतं आणि पुडिंग दडस होतं. लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं करून किसा आणि अगदी शेवटी मिसळा.

हिरव्या बेदाण्यावर वाळवणीआधीच्या डिपिंग ऑइलचा अंश असू शकतो, म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवा. रंग गडद हवा असेल तर अर्धे काळे मनुके घ्या, आणि दोन्ही रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवा.

प्रश्न : स्कोनवर आधी जॅम की आधी क्रीम? (एक वाचक, महाबळेश्वर)

उत्तर : स्कोन म्हणजे चहाबरोबरचा छोटा, खुसखुशीत गोल पाव. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात आधी क्रीम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. स्कोन गरम असेल तर जॅम खाली बरा, क्रीम वितळून ओघळत नाही. स्कोन सुरीनं न कापता हातानं मधून उलगडा. त्यावरचं क्लॉटेड क्रीम, म्हणजे सायीसारखं घट्ट क्रीम, मिळत नसेल तर मंद तापवलेल्या म्हशीच्या दुधावरची, रात्रभर न हलवता धरलेली जाड साय घ्या. डबाबंद पातळ क्रीम त्यापुढे फिकं.

प्रश्न : पुण्यातल्या एका तारांकित हॉटेलात ‘हाय टी’चं बिल २,००० रुपये झालं. त्यावर १० टक्के सेवा आकार आणि १८ टक्के जीएसटी लावला. हे बरोबर आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : जीएसटी बरोबर असू शकतो. खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो, इतरत्र ५. सेवा आकार मात्र आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. तुमच्या बिलात २०० रुपये सेवा आकार आणि २,२०० वर ३९६ रुपये कर धरून २,५९६ झाले असतील. आकार काढला तर २,३६० होतात, कारण कर त्या आकारावरही बसलेला असतो. पैसे देण्याआधीच आकार काढून नवं बिल मागा. नाहीच म्हणाले तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.