रिपोर्टवरची सही आणि पाळकपणाचं पाचारण

नगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका तरुणाचं पत्र आलं आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, गाड्यांचे पार्ट पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत दोन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. तो लिहितो: ‘मंडळीत मी तरुण संघ पाहतो, गायन बसवतो. तिथे जीव रमतो. कंपनीत मात्र सुपरवायझर न मोजता रिपोर्ट भरायला लावतात. महिन्यातले एक-दोन रविवार ड्यूटीत जातात. मी तान्हा असताना कावीळ झाली होती, तेव्हा आईने मला देवाला वाहिलं. आता नोकरी सोडून बायबल कॉलेजला जावं असं वाटतं. पप्पा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पा माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी काय करू?’

सप्रेम सलाम.

पत्र दोनदा वाचलं. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पाळक व्हावं का, हा एक. या कंपनीत आता राहवत नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर म्हणून पहिल्याकडे जाऊ नकोस, एवढं मी आधीच आणि ठामपणे सांगते. कामाला कंटाळून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढे मंडळीतही हिशेबाची वही असते, पंच कमिटीतली भांडणं असतात, ‘पाळकसाहेब, एवढी सही करून टाका’ म्हणणारे वडीलधारे असतात. आज रिपोर्टवर खोटी सही टाळण्याचा मार्ग सापडला नाही, तर उद्या मंडळीच्या वहीवर तो आपोआप सापडेल असं मला वाटत नाही.

म्हणून आधी कंपनीचं बोलू. तू लिहिलंस, बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाचा, डाया २५ अधिक ०.०२ मिमी, दहा नगांची रीडिंग घ्यायची. प्रत्यक्षात दोन नग मोजायचे आणि उरलेले आठ आकडे मनाने टाकायचे, सगळे टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, अगदी मधोमध. ते आठ आकडे हा तुझ्या विश्वासाचाच प्रश्न आहे. कलस्सैकरांस पत्रात पौल लिहितो की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते वाक्य त्याने धन्याच्या हाताखाली राबणाऱ्या दासांना लिहिलं होतं, उपदेशकांना नाही. तो पार्ट कोणाच्या तरी गाडीत बसणार आहे. ती गाडी चालवणारा माणूस तुझी उपासना ऐकायला कधी येणार नाही. त्याच्यापर्यंत तुझी साक्ष पोचेल ती त्या बोअरमधूनच.

आता हे करायचं कसं? सुपरवायझरशी वाद घालून नाही, आणि सगळ्यांदेखत बायबलचं वचन ऐकवून तर नाहीच. शिफ्ट सुरू झाली की फर्स्ट पीस, म्हणजे पहिला नग, नीट मोज. मायक्रोमीटरच्या आणि बोअर गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ती उपकरणं बरोबर मोजतात ना या तपासणीची, तारीख बघ. दहा नग मोजायला खरोखर किती मिनिटं लागतात ते एका शिफ्टमध्ये लिहून काढ. ‘वेळ नाही’ हे तुमच्याकडे सगळे म्हणतात, पण किती वेळ लागतो हे बहुधा कोणी मोजलेलं नसतं. वेळ खरंच अपुरा असेल तर त्या बोअरसाठी गो/नो-गो प्लग गेज मागव; त्याचं एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. नग पटापट तपासून होतील, आणि रिपोर्टमध्ये आकड्यांऐवजी ‘गेजने तपासले’ असं खरं लिहिता येईल. फक्त ग्राहकाला ते चालतं का, हे आधी विचारून घ्या. माप बाहेर गेलं तर जे आलं तेच लिही आणि सुपरवायझरला विचार, ‘रिवर्क करून नग दुरुस्त करायचा, की कस्टमरकडून डेव्हिएशन घ्यायचं?’ डेव्हिएशन नोट हा राजमार्ग आहे. माल किंचित बाहेर असूनही चालणार असेल तर ते ग्राहकाने लेखी मान्य करावं. तो निर्णय ज्याचा, सही त्याची. तू तुझ्या मोजमापावर सही कर.

एवढं करूनही दबाव आला तर? येऊ शकतो. कदाचित तुला दुसऱ्या लाइनला टाकतील, कदाचित वर्षाची वाढ अडेल. तसं काही होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण क्वालिटीतला दोन वर्षांचा अनुभव रांजणगाव, चाकण, वाळूज, तिन्हीकडे चालतो. सीएमएम हे मोजमापाचं यंत्र चालवायला शीक, ड्रॉइंगवरची जीडी अँड टी, म्हणजे आकार आणि टॉलरन्स दाखवणारी चिन्हं, पक्की कर, कॅलिब्रेशन लॅबमध्ये संधी बघ. तिथे प्रामाणिक रीडिंग हाच धंदा असतो. दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय ही सोडू नकोस, विशेषतः या वर्षी.

रविवारचं सोपं आहे. आठवड्याची एक सुट्टी मिळायलाच हवी, मात्र ती रविवारीच मिळेल असं नाही. शेजारच्या माणसाशी अदलाबदल कर. दिवाळीत तू त्याची ड्यूटी कर, नाताळात आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तो तुझी करेल. तुझ्या मंडळीतल्या किती नर्सेस हेच करत आल्या आहेत, त्यांना विचार. ड्यूटीचा रविवार म्हणजे पाप, हे ओझं मात्र खाली ठेव.

आता घराकडे येते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटली. मंगळवारी गायनाचा सराव, गुरुवारी प्रार्थनासभा, शनिवारी तरुण संघ, उरलेल्या दिवशी ओव्हरटाइम. पप्पांशी जेवायला बसलास ते कधी, हे पत्रात कुठे दिसलं नाही. ते नीट बोलत नाहीत असं तू लिहितोस. तुम्ही दोघं एका वेळी घरात किती असता? रिटायर व्हायला आलेला माणूस रात्री जागा असतो तो आकडेमोड करत. फंड किती येईल, मुलीची दोन वर्षांची फी किती, कर्ज उरलंय का. त्याला तुझ्या तोंडून ‘मी नोकरी सोडतोय, देव पाहून घेईल’ असं ऐकू आलं तर तो गप्पच होणार. मार्कच्या सातव्या अध्यायातला कुर्बानचा उतारा तू संघात शिकवला असशील. आईवडिलांना जे द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून मोकळं होणाऱ्यांना येशूने किती कडक बोल लावले, ते पुन्हा वाच. या शनिवारी संघ दुसऱ्या कोणाकडे दे आणि पप्पांसोबत वही घेऊन बस. बहिणीचा कोर्स पूर्ण होईपर्यंत महिन्याला किती लागतील, त्यातले तू किती देणार, हे आकड्यांत लिही. तुझा बेत त्यांना तेव्हाच सांग, आईमार्फत नको.

आईच्या नवसाबद्दल जपून लिहिते. आजारी लेकरापाशी बसून तिने केलेली प्रार्थना मौल्यवान आहे. पण बायबलमधल्या हन्नेने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला वाहिलं तरी हाक शमुवेलाला स्वतः ऐकावी लागली. ती त्याला ओळखूही आली नाही. तीनदा मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला, तेव्हा कुठे एलीच्या लक्षात आलं की परमेश्वर बोलावतो आहे. म्हणजे नवस आईचा, हाक मुलाची आणि ओळख पटवून देणारा मंडळीतला वडीलधारा, अशी तिघांची गरज पडली. तुझ्या बाबतीत अजून एलीला कोणी विचारलेलं दिसत नाही. पाळकसाहेबांना तू हे सांगितलंस का? नसेल तर हे पत्र मला लिहिण्याआधी त्यांना सांगायला हवं होतंस.

तसंही त्यांच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सीएनआयसारख्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमध्ये पाळकपणाच्या दीक्षेसाठी उमेदवार व्हायचं तर स्थानिक मंडळीची शिफारस लागते, मग डायोसिस, म्हणजे बिशपचा धर्मप्रांत, तुला पारखते, मग सेमिनरी, मग आधी डीकन (साहाय्यक) आणि नंतर प्रेस्बिटर (पूर्ण पाळक). बदल्या होतात, मानधन बेताचं असतं. तुझ्या आजच्या पगारापेक्षा कमी निघालं तर आश्चर्य मानू नकोस. पाळकसाहेबांना मोकळेपणाने रक्कम विचार. लाजायचं कारण नाही.

कॉलेज निवडताना एक गोष्ट तपास: संलग्नता. हल्ली दोन खोल्या भाड्याने घेऊनही बायबल कॉलेज निघतं आणि वर्षभरात ‘डिग्री’ मिळते. तसल्या कागदाला पुढे डायोसिसही विचारत नाही. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. युनियन बिब्लिकल १९८३ साली यवतमाळहून पुण्याला आली. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही धर्मशिक्षणाची पदवी बहुतेक ठिकाणी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी, म्हणजे पदवी देणाऱ्या मंडळाशी, जोडलेली असते. तुझा डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे, तेव्हा बी.डी.ला थेट प्रवेश मिळतो की आधी पदवी लागते, हे संस्थेकडून लेखी विचारून घे. हातात दोन-तीन वर्षं आहेतच, तर नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू कर. त्याचा उपयोग सेमिनरीत गेलास तरी होईल, नाही गेलास तरी होईल. पत्रद्वारे करता येण्याजोगे ख्रिस्ती अभ्यासाचे अभ्यासक्रमही सेरामपूर सिनेटकडे आहेत. ग्रीकची बाराखडी आणि मंडळीचा इतिहास तुला खरंच आवडतो का, ते तिथे कळेल. गाणं बसवायला आवडणं आणि रोज चार तास वाचत बसणं, या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असं नाही.

सेरामपूरचं नाव निघालं म्हणून सांगते. ते कॉलेज १८१८ साली ज्यांनी उभं केलं त्यातला विल्यम केरी इंग्लंडमध्ये जोडे शिवायचा. बंगालमध्ये आल्यावरही त्याने पाच-सहा वर्षं निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली. याच केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. त्याच्या आधी पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू शिवत होता. आणि लांब कशाला, दौंडजवळचं केडगाव तुझ्यापासून किती दूर? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी जुळवले, छपाईही त्यांनीच केली. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही तिथेच झालेल्या मुली होत्या त्यांत. काना-मात्रा चुकली तर वचनाचा अर्थ बदलायचा, म्हणून प्रुफं पुन्हा पुन्हा तपासली जायची. त्या मुलींच्या कामाला मी देवाच्या सेवेपेक्षा कमी कसं म्हणू? आणि तुझ्या बोअर गेजला तरी का म्हणू?

पाळक होऊ नकोस असं मी म्हणत नाही, हे नीट लक्षात घे. आपल्या मंडळ्यांना तरुण, शिकलेले, कारखान्यात घाम गाळलेले पाळक हवे आहेत. शिफ्टवरून थेट उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या माणसाला समजून घेणारा पाळक किती ठिकाणी मिळतो? तू तसा होऊ शकशील. बहिणीचा कोर्स संपेपर्यंत थांबल्याने हाक विरून जाईल अशी भीती मनात असेल तर ती काढून टाक. खरी असेल तर ती टिकेल, आणि तोवर तुझ्या पदवीचाही बराच भाग झालेला असेल.

पाळकसाहेबांशी आणि पप्पांशी बोलणं झालं की पुन्हा लिही. पत्रात तिघांचं म्हणणं वेगवेगळं लिही: पाळकसाहेब काय म्हणाले, पप्पा काय म्हणाले, आणि तुझं स्वतःचं काय. सोबत बहिणीच्या फीचा आणि तुझ्या पगाराचा आकडा कळव. मग मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाचं आणि सेमिनरीकडे कोणते प्रश्न लेखी पाठवायचे, ते आपण मिळून ठरवू.