केबिन एक, चेक-इन दोन: मैत्रिणीने केलेल्या बुकिंगमध्ये तुमचं काय?

प्रश्न: वकील मॅडम, मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण सात रात्रींच्या क्रूझला निघालोय, एकाच केबिनमध्ये. बुकिंग तिने एजंटकडून केलं, पैसे तिच्या क्रेडिट कार्डावरून गेले. माझा निम्मा वाटा मी तिच्या खात्यात भरला. ती बंदराच्या शहरात दोन दिवस आधी पोहोचतेय, मी जहाज सुटायच्या दिवशी सकाळच्या विमानाने. ती म्हणते, ‘तुझ्या पासपोर्टचा फोटो पाठव, मी दोघींचं चेक-इन करून टाकते. एक बॅगही दे, मी आधीच आत नेऊन ठेवते.’ मला माझं चेक-इन स्वतः करायचं आहे. एजंट मात्र म्हणतो, केबिन एक म्हणजे चेक-इनही एकत्रच. हे खरं आहे का? ती आलीच नाही तर मला चढू देतील का? तिने केलेला खर्च माझ्या अंगावर येईल का? आणखी एक, बुकिंगमध्ये माझं सासरचं आडनाव पडलंय, पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. तिला न दुखवता हे कसं निस्तरू?

उत्तर:

ताई, एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलं. पण त्याच्या उत्तराकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातली शेवटची ओळ हातात घेते, कारण ती तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि सगळ्यात घाई तिचीच आहे.

बुकिंगवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे. विवाहाचा दाखला सोबत असू द्या, पण त्याच्या भरवशावर बंदरावर जाऊ नका. काउंटरवरच्या माणसाला ते मान्य होईल की नाही, हे त्याच्यावर राहतं. जहाज सुटण्याआधी प्रवाशांची यादी सरकारी यंत्रणेकडे जाते. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजाला ही अंतिम यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी द्यावी लागते. त्यामुळे सुटायचा दिवस जवळ येईल तशी नावात फेरफार करायची सोय कमी होत जाते. एजंटला उद्याच लिहा आणि शब्द नीट निवडा. तुम्हाला ‘नावातली दुरुस्ती’ हवी आहे. ‘नाव बदला’ असं लिहिलंत, तर प्रवासीच बदलायचा आहे असा अर्थ लावला जाऊ शकतो, आणि काही कंपन्या त्याला एक तिकीट रद्द होऊन दुसरं काढल्यासारखं धरतात. दुरुस्त नावाचं नवं कन्फर्मेशन हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आता चेक-इन. जहाजावर मोजणी माणसांची होते, खोल्यांची नाही. समुद्रावरच्या सुरक्षिततेचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की, प्रवासी जहाज सुटण्याआधी आत असलेल्या प्रत्येक व्यक्तीची मोजणी झाली पाहिजे. समुद्री प्रवाशांच्या हक्कांबद्दलचा १९७४ चा अथेन्स करार प्रवासी कुणाला म्हणतो? वाहतुकीच्या करारानुसार जहाजातून जी व्यक्ती नेली जाते, ती प्रवासी. पैसे कुणी भरले, बुकिंग कुणाच्या नावाने झालं, हे त्या व्याख्येत नाही. म्हणून तुमचं चेक-इन वेगळं, बोर्डिंग पास वेगळा, सुरक्षा तपासणीतला फोटो वेगळा आणि केबिनचं कार्डही वेगळं. मैत्रीण अकराला चढली आणि तुम्ही दोनला, तरी कुणी अडवणार नाही. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर बुकिंग क्रमांक, आडनाव आणि जन्मतारीख टाकून प्रत्येक प्रवाशाला आपापल्या खात्यातून आत जाता येतं. बुकिंग क्रमांक मैत्रिणीकडून मागून घ्या. तेवढं पुरे. (लहान मूल सोबत असतं, तर हे उत्तर वेगळं असतं. तुम्ही दोघी सज्ञान आहात.)

चेक-इन स्वतःच करावं, असं मी आग्रहाने का म्हणते ते सांगते. सोय हा त्यातला छोटा भाग. चेक-इन करताना एका चौकटीत खूण करून आपण ‘अटी मान्य’ म्हणतो. त्या अटी म्हणजेच तुमचा आणि कंपनीचा करार. अमेरिकेत एका जोडप्याने एजंटकडून क्रूझची तिकिटं घेतली होती. जहाज मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ असताना स्वयंपाकघर दाखवायला नेलेल्या फेरीत बाई घसरून पडल्या आणि त्यांना दुखापत झाली. ते राहायचे वॉशिंग्टन राज्यात आणि तिथेच त्यांनी दावा लावला. तिकिटावर छापलं होतं की वाद फ्लोरिडातल्या न्यायालयातच चालेल. १९९१ मध्ये ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. दावा देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, हे त्या छापील ओळीने आधीच ठरवून टाकलं होतं.

‘पण त्या अटी मी वाचल्याच नाहीत, मैत्रिणीने मान्य केल्या’ हा बचाव अशा खटल्यांत सहसा टिकत नाही. तुमच्या वतीने बुकिंग करणाऱ्याला अटी कळल्या म्हणजे तुम्हाला कळल्या, असंच न्यायालयं बहुधा धरतात. म्हणजे तिने खूण केली तरी बांधल्या जाल तुम्ही, आणि कराराची प्रत मात्र जाईल तिच्या मेलवर. मुदतींच्या बाबतीत हे फार महाग पडतं. अथेन्स करारात दावा लावायला २ वर्षं मिळतात. अमेरिकेशी संबंधित तिकिटांत मात्र दुखापतीची लेखी सूचना ६ महिन्यांत आणि दावा १ वर्षात, अशी अट सर्रास असते, आणि तिथला कायदा तेवढी मुदत ठेवायला परवानगी देतो. तेव्हा स्वतः चेक-इन करा, अटींची प्रत उतरवून ठेवा. त्यातली तीन कलमं तरी वाचा: वाद कुठल्या न्यायालयात, मुदत किती आणि रद्द केल्यास किती पैसे कापणार.

चेक-इनमध्ये तब्येतीबद्दलही प्रश्न विचारले जाऊ शकतात. ती उत्तरं दुसऱ्याने अंदाजाने भरायची नसतात. खोटी निघाली तर चढायला नकार मिळू शकतो, विमाही अडतो. तातडीच्या संपर्कासाठी जिचं किंवा ज्याचं नाव द्याल, ती व्यक्ती त्याच जहाजावर नसावी. अनेक जण नेमकं केबिनमधल्या सोबत्याचंच नाव लिहून मोकळे होतात.

इथपर्यंत सोपं होतं. खरी गाठ पैशांत आहे. प्रवासी म्हणून तुम्ही दोघी स्वतंत्र, पण बुकिंग म्हणून अजून एकच आहात आणि त्याची दोरी मैत्रिणीच्या हातात आहे. रद्द करणं, फेरफार करणं, परतावा घेणं, हे सगळं एजंट तिच्याच शब्दावर करणार. क्रूझ रद्द झाली तर परतावा सहसा ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर येतो, म्हणजे तुमचा निम्मा वाटाही तिच्या खात्यात जमा होईल. तिने बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल तक्रार करून पैसे परत मागितले, तर अख्खं बुकिंग अडचणीत येऊ शकतं. यातलं काहीही वाईट हेतूनेच व्हावं लागतं असं नाही. माझ्याकडे दोन मावसबहिणींचं प्रकरण आलं होतं. एकीने बुकिंग केलं होतं, ती आजारी पडली आणि घाबरून तिने एजंटला फोन केला: ‘बुकिंग रद्द करा.’ तिला म्हणायचं होतं, माझं रद्द करा. त्याने केबिन सोडून दिली. दुसरी बहीण तेव्हा विमानात होती. वर्षानुवर्षांचा जिव्हाळा एका फोनवर आटला, आणि मी कागदावर कितीही बाजू मांडली तरी तो परत आणू शकले नाही.

म्हणून ‘ती आलीच नाही तर’ या तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. ती बंदरावर पोहोचलीच नाही, पण बुकिंग जागच्या जागी आहे, तर तुमच्या चढण्यात त्याने अडथळा येत नाही. दोघींचं भाडं भरलेलं आहे. तिचं भाडं बहुधा बुडेल, बंदराचे कर तिला मागता येतील, तुम्ही केबिनमध्ये एकट्या राहाल. तिने आधीच तिकीट रद्द केलं, तर मात्र चित्र पालटतं. क्रूझचं भाडं एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून माणशी लावलेलं असतं. एक जण गळला की कंपनी उरलेल्याकडून एकट्याच्या वापराचा जादा आकार मागू शकते, आणि तो कधी कधी दुसऱ्या माणसाच्या पूर्ण भाड्याएवढा असतो. जादा आकार केव्हापासून आणि किती, हे तिकिटाच्या अटींत सापडेल. तुमची सहल युरोपीय संघाच्या पॅकेज प्रवास नियमांखाली येत असेल, तर तिथे आणखी एक वाट आहे: सहल सुरू होण्याच्या किमान ७ दिवस आधी कळवून, अटी पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला आपली जागा देता येते. त्या फेरफाराचा रास्त खर्च द्यावा लागतो. प्रवास विमा घेताना ‘सोबतीने रद्द केल्यास एकट्याचा जादा आकार’ त्यात धरला आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात पाहा. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

या सगळ्यावर उत्तम उपाय म्हणजे एकाच केबिनमध्ये दोन वेगळे बुकिंग क्रमांक. अनेक कंपन्या ते करून देतात आणि दोन्ही क्रमांक एकमेकांना जोडतात. तसं झालं तर तुमचे पैसे, तुमचा परतावा, तुमचा निर्णय तुमच्याकडे. तुमच्या बाबतीत पैसे आधीच भरले गेल्यामुळे कंपनी आता नाही म्हणू शकते, तरी विचारा. ते जमलं नाही, तर एजंटकडून एवढं तरी लेखी घ्या की केबिन रद्द करण्यासाठी किंवा तुमचं नाव काढण्यासाठी तुमची संमती लागेल. मैत्रिणीला भरलेल्या रकमेचा बँकेतला पुरावा जपून ठेवा, आणि ती रक्कम क्रूझच्या निम्म्या भाड्याची होती हे तिच्या एखाद्या उत्तरात लिहून आलं, तर फार चांगलं. उसने दिले की वाटा दिला, यावरूनच पुढे भांडणं होतात.

जहाजावरच्या खर्चाचं म्हणाल, तर तिथे बहुतेक व्यवहार केबिनच्या कार्डावर होतात आणि शेवटी जोडलेल्या क्रेडिट कार्डातून वसूल होतात. चेक-इनमध्ये ‘कुणाचा खर्च कोण देणार’ असा पर्याय असतो. तिथे फक्त स्वतःचं नाव ठेवा, स्वतःचं कार्ड द्या. मैत्रिणीने आधी चेक-इन केलं असेल आणि दोघींचा खर्च तिच्या कार्डाला जोडला गेला असेल, तर चढल्याबरोबर स्वागतकक्षात जाऊन खाती वेगळी करून घ्या. खाती वेगळी असली की तिची खरेदी तुमच्याकडून वसूल करायला कंपनीला आधार उरत नाही. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या वस्तू आणि खोलीची मोडतोड यांचं मात्र तसं नाही. ते बिल केबिनवर पडतं आणि अटींमध्ये राहणाऱ्या सगळ्यांना एकत्र जबाबदार धरलेलं असू शकतं. आत शिरताच खोलीचे चार फोटो काढा, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत न थांबता मधेच एकदा हिशेब तपासा.

बॅग तिच्याकडे देऊ नका. तिच्या नावाने आत गेलेल्या सामानात काय आहे याचा जाब तिला विचारला जाईल, आणि तुमचं विमान चुकलं तर तुमचे कपडे आणि औषधं समुद्रावर निघून जातील. पासपोर्टचा फोटोही पाठवू नका. मैत्रिणीवर विश्वास आहे हे मान्य, पण तो फोटो तिच्या फोनमधून पुढे कुठे जाईल, ते तिच्याही हातात नसतं. दागिने, रोकड असलं काही नेणार असाल, तर हे लक्षात घ्या: अथेन्स करारानुसार मौल्यवान वस्तू जहाजाकडे सुरक्षित ठेवायला सोपवल्या असतील तरच त्यांची जबाबदारी वाहतूकदारावर येते. दोघींच्या केबिनमधल्या कपाटात ठेवून हरवल्या, तर मागणी कमजोर होते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुमच्या त्याच दिवशीच्या विमानाची. जहाज थांबत नाही. विमानाचं तिकीट तुम्ही वेगळं काढलं असेल, तर विमानाच्या उशिराची जबाबदारी क्रूझ कंपनीवर टाकता येत नाही. चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. ती वेळ बोर्डिंग पासवर असते, सुटण्याची वेळ वेगळी. ‘पुढच्या बंदरावर गाठू’ हेही नेहमी शक्य नसतं. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा परदेशी ध्वजाच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या, जहाजांना अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्यापासून रोखतो, आणि त्याचा भंग झाला तर जहाजाला माणशी दंड होतो. मधल्याच एखाद्या अमेरिकी बंदरावर तुम्ही चढलात आणि सहल संपताना दुसऱ्या अमेरिकी बंदरावर उतरलात, तर नेमकी हीच अडचण येऊ शकते. मधलं बंदर दुसऱ्या देशात असेल, तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. जमत असेल तर एक दिवस आधी पोहोचा. मैत्रीण तिथे असणारच आहे.

तिला न दुखवता कसं सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. कायद्याचा एक शब्दही न वापरता असं लिहा: ‘अगं, पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, त्यामुळे चेक-इन मलाच करावं लागेल असं दिसतंय. बुकिंग नंबर पाठव ना. माझा खर्च माझ्या कार्डावर टाकते, म्हणजे शेवटी हिशेब करत बसायला नको. आणि भाड्याच्या माझ्या निम्म्या वाट्याचे पैसे तुला मिळाले ना, तेवढं कळव. आपल्यापैकी कुणाला ऐनवेळी जमलं नाही तर केबिन रद्द न करता फक्त आपलं नाव काढायचं, एवढं आजच एजंटला दोघींच्या नावाने लिहून टाकू.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तिच्याही फायद्याचं आहे. एजंटचं उत्तर आलं की ते आणि तिकिटाच्या अटींची प्रत मला पाठवा. रद्द करण्याचं कलम मी स्वतः वाचून कळवते.